सेन्सर गेला, की वायर?



डिझेल पिकअपच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, की आपल्याकडे निदान आधी होतं आणि तपासणी नंतर. ‘सेन्सर गेलाय,’ असं चहाच्या टपरीवर बसलेला माणूससुद्धा सांगतो. गंमत म्हणजे तो अर्धा बरोबर असतो. दिवा लागतो तो कुठल्यातरी सेन्सरकडून आलेल्या, किंवा न आलेल्या, निरोपामुळेच. पण सेन्सर खराब होणं वेगळं आणि चांगल्या सेन्सरचा निरोप वाटेत अडकणं वेगळं. गिऱ्हाइकाचे पैसे बहुतेक वेळा या दोहोंत फरक न केल्यामुळे जातात.

जुन्या पिकअपला हा प्रश्न नव्हता. डिझेलचा पंप गिअरवर फिरायचा, तोच दाबाने डिझेल नोझलपर्यंत ढकलायचा. विजेचं काम म्हणाल तर सेल्फ, दिवे आणि हॉर्न. १९९७ साली युरोपात कॉमन रेल डिझेल इंजिनाच्या मोटारी विक्रीला आल्या, आणि आपल्याकडे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा मालवाहू पिकअपही त्याच वाटेने गेल्या. देशभर बीएस-४ लागू झालं १ एप्रिल २०१७ला, बीएस-६ आलं १ एप्रिल २०२०ला. आता डिझेल एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, प्रचंड दाबाखाली साठवलेलं असतं आणि इंजेक्टर कधी उघडायचा, किती क्षण उघडा ठेवायचा, हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. त्याला डोळे नाहीत. आत काय चाललंय हे सेन्सर सांगतील तेवढंच त्याला कळतं.

या सगळ्या सेन्सरांत मला महत्त्वाचा वाटतो तो क्रँक सेन्सर. पाण्याच्या उष्णतेचा सेन्सर बिघडला तर गाडी कुरकुरत का होईना, घरी पोहोचते. क्रँक सेन्सरचा निरोप थांबला की बहुतेक गाड्यांत ईसीयू डिझेल बंद करतो, आणि गाडी आहे तिथे उभी राहते. मग ती घाटात असो, टोलनाक्यावर असो, की बाजार समितीच्या दारात.

त्याचं काम समजून घेतलं तर निदान निम्मं सोपं होतं. क्रँकशाफ्टबरोबर एक दातेरी चक्र फिरतं. बऱ्याच इंजिनांत त्यावर साठ दात्यांची जागा असते, पण दाते अठ्ठावन्नच. दोन मुद्दाम गाळलेले. जपमाळ ओढताना मेरुमणी बोटाला लागला की फेरी पुरी झाल्याचं न बघता कळतं, तसं ती मोकळी जागा समोरून गेली की ईसीयूला फेरीचा आरंभ सापडतो. पुढे प्रत्येक दाता म्हणजे सहा अंश. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल, तर दर सेकंदाला २९०० दाते सेन्सरच्या टोकासमोरून जातात. टोक आणि दाते यांच्यात अंतर असतं जेमतेम एक मिलीमीटरच्या आसपास. एवढ्या नाजूक जागी हा सेन्सर तेल, चिखल आणि उष्णता सोसत बसलेला असतो, तरी तो वर्षानुवर्षं टिकतो. उगाच बदनाम करू नये.

आमच्या आळेफाट्याकडे टोमॅटो भरून वाशीला जाणाऱ्या पिकअप पुष्कळ. त्यातली एक गाडी माझ्या गॅरेजला आली. तक्रार अशी, की गार असताना एका सेल्फमध्ये चालू, रिकामी असली तर दिवसभर धावते, आणि माल भरून चढाला लागली की अचानक बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू, जणू काही झालंच नव्हतं. एका ठिकाणी डिझेल फिल्टर बदलून झाला होता. दुसऱ्या ठिकाणी स्कॅनर लावला, क्रँक सेन्सरच्या सर्किटचा कोड आला, पी०३३५, आणि नवा सेन्सर बसवला. आठवड्याभरात रडगाणं परत सुरू. चालक म्हणाला, ‘‘मिस्त्री, दोनदा पैसे गेले. आता नवीन काही टाकायचं असेल तर गाडी इथेच विकून जातो.’’ मी म्हटलं, ‘‘दादा, आज काहीच टाकायचं नाही. फक्त बघायचं.’’

हा पी०३३५ नीट वाचायला हवा. त्याचा अर्थ सेन्सर खराब असा नाही. त्यात शब्द आहे सर्किट. म्हणजे सेन्सर, त्याचा कपलर, तिथून ईसीयूपर्यंत जाणाऱ्या तारा, त्यांचं अर्थिंग आणि शेवटी ईसीयूची स्वतःची पिन, एवढ्या सगळ्या वाटेवर कुठेतरी गडबड आहे. स्कॅनर वाट दाखवतो. त्या वाटेवर चालायचं आपल्यालाच असतं.

गाडी चालूच होत नसेल, तर पहिली तपासणी फुकटची आहे. स्कॅनरवर चालू आकडे उघडा, सेल्फ मारा आणि आरपीएम बघा. बॅटरी चांगली असेल तर साधारण दोनशेच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. सेल्फ जोरात फिरतोय आणि आकडा शून्यावर बसलाय, तर क्रँकचा निरोप येत नाही. आरपीएम दिसतोय, पण रेलचा दाब चढत नाही, तर सेन्सरचा नाद सोडा आणि डिझेलच्या बाजूला वळा. फिल्टर, हवा धरलेली नळी, पंप. एवढी एक गोष्ट बघितली तरी कितीतरी सेन्सर डब्यातच राहतील.

इथे जरा आडवाटेला जातो, कारण हा जिवाचा प्रश्न आहे. जुन्या इंजिनात हवा धरली की नोझलचा नट सैल करून सेल्फ मारायची आपल्या मिस्त्रींची सवय. हाताला ती इतकी भिनलेली आहे, की कॉमन रेलच्या गाडीवरही पाना आपोआप तिकडेच जातो. चालू इंजिनात रेलमधला दाब हजार बारच्या वर जातो. त्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत हात सडायला लागतो. अशी धार लागलीच, तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका, थेट शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठा. आणि त्या नटाला हात लावू नका. बस.

आता मल्टिमीटर. क्रँक सेन्सर दोन जातींचे. एकात चुंबक आणि तारेचं वेटोळं. त्याला दोन तारा, कधी तिसरी असते ती नुसत्या जाळीच्या आवरणाची. दुसरा हॉल पद्धतीचा. त्याला तीन तारा, एक वीज आणणारी, एक अर्थिंगची, एक निरोपाची. वेटोळ्याच्या सेन्सरचा रोध मोजता येतो. चावी बंद, कपलर काढलेला, मग मीटर. बऱ्याच सेन्सरांत तो काहीशे ते हजारभर ओहम असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या दुरुस्तीपुस्तिकेतून घ्यायचा. हॉल सेन्सरचा रोध मोजून मात्र काहीच कळत नाही. तरी लोक मोजतात आणि ‘ओपन दाखवतोय’ म्हणून फेकतात. त्याच्यासाठी चावी चालू करून कपलरवर वीज येते का ते बघायचं, बहुतेक गाड्यांत पाच व्होल्ट, आणि अर्थिंग पक्कं आहे का ते बघायचं.

वेटोळ्याच्या सेन्सरची एक खोड आहे. आतली तार केसाहून बारीक. ती कुठे तुटली, तरी गार असताना टोकं एकमेकांना टेकून राहतात, मीटर आकडा बरोबर दाखवतो. तापलं की टोकं फाकतात आणि गाडी बंद. म्हणून सेन्सर काढून केस वाळवायच्या यंत्राने तापवायचा आणि तापत असताना मीटरकडे बघत राहायचं. तांब्याचा रोध उष्णतेने वाढतोच, गार असताना ९०० ओहम असेल तर इंजिनाच्या उष्णतेला ११०० होईल, त्यात दोष नाही. पण आकडा एकदम नाहीसा झाला, तर चोर सापडला. रस्त्यावर हे करता येत नाही, तिथे बंद गाडीच्या सेन्सरवर ओलं फडकं ठेवतात. दोन मिनिटांत गाडी चालू झाली तर संशय बळावतो.

आमच्या टोमॅटोवाल्या गाडीचा सेन्सर या परीक्षेत उत्तीर्ण झाला. नवाच होता, चांगलाच होता. मग राहिली वायर. दोन्ही टोकांचे कपलर काढून मीटरचा बझर लावला, तर वाजतोय. इथे पुष्कळ जण थांबतात. पण तारेतला एकच धागा शिल्लक असला तरी बझर वाजतो. म्हणून दोन्ही टोकांनी सुटी केलेल्या त्या तारेतून इंडिकेटरचा छोटा बल्ब पेटवून बघायचा आणि वायर हळूहळू हलवत यायचं. टोकं सुटी केली याची दोनदा खात्री करा, नाहीतर बॅटरीची वीज थेट ईसीयूत जाईल आणि मग खर्चाची गोष्टच वेगळी. कपलरपासून वीतभर अंतरावर वायर वाकवली, तसा बल्ब विझला. वरचं प्लॅस्टिक धड, आत तांबं तुटलेलं. वायर धरून ठेवणारी क्लिप पूर्वी कधीतरी कुणीतरी काढून परत लावली नव्हती. माल भरून चढाला जोर लावला की इंजिन आपल्या माउंटिंगवर कलतं, आणि कलताना प्रत्येक वेळी ती वायर ओढत होतं. गाडी थांबली, इंजिन जागेवर आलं, तापलेलं सगळं निवलं, की तुटकी टोकं पुन्हा जुळत होती. मालाचा आणि बंद पडण्याचा संबंध होता तो असा.

वायर तपासताना टाचणी टोचून बघायची पद्धत मात्र सोडून द्यावी. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं, आणि कोकणच्या खाऱ्या हवेत तर ते लवकरच. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून मोजता येतं. कांद्याच्या चाळीशेजारी गाडी लावणाऱ्यांनी उंदरांकडेही लक्ष ठेवावं. त्यांना वायरचं वेष्टन का आवडतं ते त्यांनाच ठाऊक.

सेन्सर खरोखरच गेला असेल, तर बदलणं हे सगळ्यांत सोपं काम. बॅटरीचं निगेटिव्ह काढा. सेन्सर बहुधा फ्लायव्हीलच्या घराजवळ किंवा पुढच्या पुलीपाशी असतो, एका लहान बोल्टवर. अडकला असेल तर स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, टोक आतच राहतं. गंज सोडवणारं तेल मारून वाट बघा, मग डावी-उजवीकडे पिळत काढा. चुंबकाच्या टोकाला लोखंडाची पूड चिकटलेली असते. कधी कधी बिघाड तेवढाच असतो. नवा आणि जुना शेजारी धरून टोकाची लांबी ताडून पाहा, दिसायला सारखा पण थोडा लांब सेन्सर दात्यांवर घासून पहिल्याच सेल्फला फुटतो. ओ-रिंगला तेलाचं बोट लावा, हाताने दाबून बसवा, हातोडी नाही. बोल्ट बेताने आवळा. आणि ती क्लिप, कृपा करून, परत लावा.

आता थोडं पैशाचं. सेन्सर टाकला की बिलावर एक वस्तू दिसते, गिऱ्हाईक पैसे मोजतं. दोन तास शोधून वीतभर वायर बदलली, तर ‘एवढ्याशा वायरचे एवढे?’ म्हणून वाद होतो. मग मिस्त्री शोधणं सोडतो आणि ‘बदलून बघू’वर येतो. याचा दोष मी एकट्या मिस्त्रीला देणार नाही. तपासणीची मजुरी आधी ठरवा आणि ती वेगळी द्या. कोड आल्यावर ‘मीटरने काय दिसलं?’ एवढं विचारायला गाडीमालकाने संकोचू नये. ज्याने मोजलंय तो आकडा सांगेल.

काम झाल्यावर कोड पुसून गॅरेजभोवती एक चक्कर मारली, म्हणजे चाचणी झाली असं नाही. बिघाड जर मालावर आणि चढावर दिसत होता, तर चाचणीही तापलेल्या इंजिनाने, माल भरून, चढावरच व्हायला हवी. आम्ही त्या गाडीला बाजरीची पोती भरून ओतूरच्या पुढे माळशेजच्या रस्त्याला नेऊन आणलं. आणि सेन्सर बदललाच असेल तर जुना मागून घ्या, नव्याच्या खोक्यावरचा पार्ट नंबर कापून आरसी बुकाच्या पाकिटात ठेवा. रात्री परक्या गावात दुकान उघडायला लावलंत, तर दुकानदार पहिल्यांदा तोच विचारतो.