पडद्यावरची भेट
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील प्रशासकांचे भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकीय बाबींवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु अंथरुणास खिळलेल्या, बरे न होणाऱ्या रुग्णांना आपण घरी जी विनामूल्य सेवा देतो, तिचा हिशेब मी पाहतो. रुग्णाला या सेवेची अद्याप गरज आहे काय, याची फेरतपासणी यापुढे व्हिडिओ कॉलवर करावी, अशी सूचना आली आहे. तिच्याविषयी थोडे बोलतो.

अमेरिकेत ‘मेडिकेअर’ या शासकीय विमा योजनेतून हॉस्पिस सेवा मिळण्यासाठी, आजार नेहमीच्या गतीने वाढल्यास आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी आहे, असे डॉक्टरांना प्रमाणित करावे लागते. प्रथम ९० दिवसांचे दोन कालखंड, पुढे ६० दिवसांचे. २०११ पासून तिसऱ्या व नंतरच्या प्रत्येक कालखंडापूर्वी रुग्णास समक्ष भेटणे बंधनकारक झाले. मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, ही भेट पडद्यावर घेण्याची मुभा मिळाली.

हिशेबनीस म्हणून मला हा नियम पटतो. देणगीदाराच्या पैशाची खातरजमा झालीच पाहिजे. पण आपले पेन्शनर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात. येथे मात्र रुग्णाला, आपण अजून पुरेसे खालावलेले आहात ना, असे विचारायचे असते! आणि आपल्या घरांत डॉक्टर दिसणार म्हटले की आजोबांची दाढी होते, सदरा बदलतो, उशा लावून त्यांना बसवले जाते. “कसे आहात?” “बरा आहे.” पाठीवरची जखम, सैल झालेली बांगडी, रात्रभर जागलेली सून यांपैकी काहीच पडद्यावर येत नाही. परिचारिका शेजारी असेल तर ती दंडाचा घेर मोजून सांगू शकते. एरवी चेहराच तेवढा दिसतो.

शिवाय २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार मॉर्फिनसारखी औषधे अशा सल्ल्यावर लिहून देता येत नाहीत. त्यामुळे मोटारीचा खर्च वाटतो तितका वाचणार नाही.

माझा प्रस्ताव असा : सेवा चालू ठेवण्याचा निर्णय पडद्यावर घ्यावा, त्यास हरकत नाही, दूरच्या गावची खेप वाचेल. सेवा थांबवायची असेल, तर मात्र डॉक्टरांनी त्या घरी जाऊन, रुग्णाजवळ बसून, मगच कागदावर सही करावी. या खेपांसाठी स्वतंत्र तरतूद अंदाजपत्रकात केली आहे. तिला आपण मंजुरी द्यावी, ही विनंती.