थराखाली काय आहे?

मुसलमान कवीला ‘तुमचा आवडता गोड पदार्थ’ या विषयावर बोलायला सांगितले, की ऐकणारे शीरखुर्म्याची वाट पाहू लागतात. शीरखुर्मा मला आवडतोच. पण आज मी बोलणार आहे ते केळ्याच्या पुडिंगबद्दल. आमच्या घरी माणसे जमली की हा पदार्थ व्हायचा. आजही होतो, आणि आता तो मी करतो.

मी रावेर-यावल भागातला. तापीकाठची काळी जमीन आणि नजर जाईल तिथवर केळीच्या बागा. सावदा, निंभोरा या स्टेशनांवर केळ्यांच्या वाघिणी भरायच्या आणि दिल्लीकडे निघायच्या, ते बघत आम्ही मोठे झालो. जळगावच्या केळ्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या घरात मात्र केळ्याला काही मान नव्हता. पोळीशी खायचे, दुधात कुस्करून शिकरण करायचे, रडणाऱ्या पोराच्या हातात द्यायचे. पाहुण्यांपुढे ठेवायचा तो पदार्थ नव्हे. ती जागा केळ्याला अम्मीने दिली.

अम्मी हे पुडिंग माझ्या खालाकडून शिकली. खाला भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायची, आणि ती शिकली शेजारच्या अँग्लो-इंडियन बाईंकडून. त्यामुळे मी बरीच वर्षे याला इंग्रजी पदार्थच समजत होतो. पुढे माझी भाची अमेरिकेत अटलांटाला गेली. एक दिवस तिचा फोन आला, “मामू, नानीचं पुडिंग इथे सगळीकडे आहे!” अमेरिकेच्या दक्षिण भागात केळ्याचे पुडिंग हा माणसे जमण्याचा पदार्थ आहे. चर्चमधले जेवण असो, सगळे कुटुंब एकत्र येणार असो, कोणाच्या घरी मयत झालेली असो, कोणीतरी पुडिंगचे मोठे भांडे घेऊन येतेच. गंमत म्हणजे त्या भागात केळी फारशी पिकत नाहीत. मध्य अमेरिकेतून बोटींनी न्यू ऑर्लिन्सच्या बंदरात उतरायची आणि तिथून रेल्वेने आत जायची. जिथे केळे पिकत नाही तिथे त्याला मेजवानीत स्थान, आणि आमच्याकडे ते पोर गप्प करायला!

त्यांचे पुडिंग म्हणजे व्हॅनिलाच्या छोट्या गोल बिस्किटांचा थर, त्यावर केळ्याच्या चकत्या, त्यावर दूध, साखर आणि अंड्याच्या पिवळ्या बलकाचे शिजवलेले कस्टर्ड. मग पुन्हा तेच थर, आणि वर फेटलेली साय किंवा अंड्याच्या पांढऱ्याचा भाजलेला फेस. आमच्या अम्मीच्या पुडिंगमध्ये अंडे नव्हते. ते डब्यातल्या कस्टर्ड पावडरीचे होते. या पावडरीची कथा मला फार आवडते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाचे एक औषधविक्रेते होते. त्यांच्या बायकोला अंडे सोसत नसे. तिला कस्टर्ड खाता यावे म्हणून त्यांनी 1837 मध्ये अंड्याऐवजी मक्याचे सत्त्व वापरून ही पावडर बनवली. एका बाईला जे चालत नव्हते, त्याची काळजी कोणीतरी घेतली, आणि दीडशे वर्षांनी ती काळजी आमच्या चुलीपर्यंत पोचली.

आता कृती सांगतो. पंचवीस माणसांचे प्रमाण आहे, कारण आमच्याकडे दर महिन्याच्या एका रविवारी कवितेची बैठक भरायची आणि तेवढी माणसे येत. दूध 2 लिटर, कस्टर्ड पावडरीचा 100 ग्रॅमचा एक डबा, साखर दीड वाटी, केळी दीड डझन आणि साधी ग्लुकोज बिस्किटे अर्धा-पाऊण किलो. पावडर आधी वाटीभर थंड दुधात कालवायची. गरम दुधात थेट टाकली तर बाहेरचे पीठ लगेच फुगते, आतले कोरडे राहते आणि गुठळ्या होतात. बाकीचे दूध साखर घालून उकळायचे, आच मंद करायची, कालवलेली पावडर बारीक धारेने सोडायची आणि हात थांबवायचा नाही. पळीच्या पाठीवर कस्टर्ड चिकटून राहिले, बोटाने ओढलेली रेघ मिटली नाही, की उतरवायचे.

केळी पिवळी, वर चार काळे ठिपके पडलेली घ्यावीत. हिरवट केळे तुरट लागते आणि फार पिकलेले गळून जाते. कस्टर्ड तयार होईपर्यंत केळ्याला सुरी लावायची नाही, कारण चिरलेल्या केळ्याला हवा लागली की ते काळे पडते. चकत्यांवर लिंबाचे चार थेंब शिंपडावेत आणि लगेच झाकून टाकाव्यात. काचेच्या मोठ्या भांड्यात तळाला बिस्किटे, त्यावर केळी, त्यावर कोमट कस्टर्ड. कस्टर्ड कोमटच हवे. गार झालेले बिस्किटात मुरत नाही. असे तीन थर द्यायचे. सगळ्यात वर कस्टर्डच यायला हवे, केळ्याची एकही चकती उघडी राहता कामा नये. मग रात्रभर गार जागी ठेवायचे. सकाळी बिस्किटाचा केक झालेला असतो.

आमच्या बैठकीत मराठी, उर्दू, लेवा बोली, सगळ्या कविता व्हायच्या. अध्यक्ष ठरलेले, आमचे हायस्कूलचे मराठीचे सर. मला मात्रा मोजायला त्यांनी शिकवले आणि बी.ए.ला मराठीच घे म्हणून अब्बांशी वाद घातला तोही त्यांनीच. सर माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, वर्षाआड वारी. मांस-मच्छी नाही, अंडे नाही. ते आमच्या घरी यायचे, चहा घ्यायचे आणि जेवणाच्या वेळी उठायचे. अम्मीला ते फार लागायचे. पुडिंग तिने खरे तर त्यांच्यासाठी काढले. दूध, केळी, बिस्किटे आणि बिनअंड्याचे कस्टर्ड. जेलीचा थर द्यायची तेव्हा फॅशन होती, पण तो तिने कधी दिला नाही. जेलीतले जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्याचे असते. ते सरांना चालणार नव्हते, आणि कुठल्या जनावराचे हे माहीत नसल्यामुळे आम्हालाही.

पहिल्या वेळी पुडिंग झाले, वाट्या भरल्या, आणि सर हसून म्हणाले, “वहिनी, आज एकादशी.” त्यांनी फक्त केळी खाल्ली. अम्मी खूप हसली. आमच्याकडे ग्यारवीला, म्हणजे चांद्रमासाच्या अकराव्या तारखेला, नियाज करून लोकांना जेवू घालतात. “हमारी ग्यारवी में खिलाते, उनकी ग्यारस में भूके रहते!” ती म्हणाली. दोन्ही हिशेब चंद्राचेच. आमचा महिना चंद्र दिसल्यावर सुरू होतो, त्यामुळे शुद्ध एकादशीनंतर एक-दोन दिवसांनी आमची ग्यारवी येते. अम्मीला मराठी वाचता येत नसे. पण त्यानंतर दर बैठकीआधी ती मला कॅलेंडरसमोर उभे करायची, “देख, ग्यारस तो नहीं?” पुढच्या महिन्यात सरांनी वाटी संपवली आणि दुसरी मागितली. त्या दिवसापासून त्यांनी आमच्या घरी पुडिंगबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

आता मला जे सांगायचे आहे ते सांगतो. 1992 च्या डिसेंबरात आणि 1993 च्या जानेवारीत देशात काय झाले, मुंबईत काय झाले, ते तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या गावात काही झाले नाही, पण दोन महिने बैठक भरली नाही. फेब्रुवारीत, रमजानच्या आधी, मी ती पुन्हा बोलावली. कोण येईल, कोण नाही, धाकधूक होती. त्या वेळी मी तेवीस वर्षांचा होतो. या वेळचे पुडिंग झोकात झाले पाहिजे असे मला वाटले. अम्मीला बरे नव्हते, म्हणून ते मीच केले, आणि बिस्किटांऐवजी बेकरीतून आणलेल्या स्पंज केकचे थर दिले. केकात अंडे असते हे मला माहीत नव्हते असे नाही. ते मला त्या वेळी आठवले नाही असेही नाही. आठवले, आणि ‘एवढ्याने काय होते’ म्हणून मी ते बाजूला सारले.

माणसे आली. सर सगळ्यांच्या आधी आले. त्यांनी वाटी घेतली आणि म्हणाले, “आज काही वेगळंच जमलंय.” मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला असेल.

दुसऱ्या दिवशी अम्मीला केकचा खोका दिसला. “इसमें तो अंडा रहता. सर ने खाया?” मी हो म्हटले. ती खाटेवर बसूनच राहिली. अब्बा म्हणाले, “अब बोलने की जरूरत नहीं. दिन अच्छे नहीं.” अब्बांचे चूक नव्हते. ‘मुसलमानाने माळकऱ्याला अंडे चारले’ एवढे एक वाक्य गावात फिरले असते, तर त्या दिवसांत त्याचे काय झाले असते, कोण सांगणार? मलाही तेच हवे होते, गप्प राहणे. अम्मी म्हणाली, “उन्होंने पूछा भी नहीं. अपने भरोसे पे खाया. तू जा.”

मी गेलो. सर ओसरीवर पेपर वाचत होते. मी उभ्या उभ्याच सांगितले. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

“आईनं पाठवलं?”

“हो.”

“तुला माहीत होतं?”

“हो, सर.”

पुन्हा गप्प. मग म्हणाले, “तिला सांग, बिस्किटंच घालत जा म्हणावं. केक मला गोड लागला, पण बिस्किटंच घाल.” चहा न देता त्यांनी मला पहिल्यांदाच परत पाठवले. काकूंकडून पुष्कळ वर्षांनी कळले की सर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जेवले नव्हते. ही गोष्ट त्यांनी गावात कोणालाही सांगितली नाही.

रमजान आणि ईदनंतर पुन्हा बैठक भरली. सर येतील असे मला वाटले नव्हते. ते आले. अम्मीने वाटी त्यांच्या हातात न देता समोर ठेवली आणि दाराआडून एक-एक जिन्नस सांगितला. दूध, शक्कर, केले, बिस्कुट, पावडर. सरांनी पूर्ण ऐकून घेतले आणि वाटी उचलली.

त्यानंतर एक गोष्ट झाली, तीही सांगायला हवी. आम्ही दोघे एका संमेलनाला परगावी गेलो होतो. जेवणात दोन रांगा होत्या. सर मला तिथेच थांबवून मटणाच्या रांगेकडे गेले. गळ्यात माळ, डोक्यावर पांढरी टोपी, आणि ते आचाऱ्याला विचारत होते, “हे हलाल आहे का? आमच्या पोराला खायचंय.” आचारी त्यांच्याकडे बघतच राहिला.

अम्मी आता नाही. सरही नाहीत. बैठक भरते, माणसे कमी येतात, पण येतात. केळ्याचे पुडिंग मी अजूनही आदल्या रात्री करतो. थरांच्या पदार्थाचे एक आहे, वरून फक्त कस्टर्ड दिसते. खाली काय आहे ते करणाऱ्यालाच ठाऊक असते. खाणारा त्याच्या शब्दावर चमचा खाली घालतो. हल्ली कोणाला साखर चालत नाही, कोणाला दूध सोसत नाही, कोणाचा उपवास असतो, कोणी हलाल विचारतो. विचारणाऱ्याचा मला राग येत नाही. न विचारणाऱ्याची मात्र मला जास्त काळजी वाटते. म्हणून वाढण्याआधी मी भांड्यापाशी उभा राहतो आणि तळापासून वरपर्यंत काय-काय घातले आहे ते सांगतो. नवी पोरे हसतात, म्हणतात, कविता वाचल्यासारखे सांगता. मी सगळे सांगून होईपर्यंत पळी हातात घेत नाही.