परार्धाच्या अलीकडची संख्या

२०११ सालच्या जनगणनेंत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ भरली. तिच्या अंकांची बेरीज ३३. पण ३३ नें भागूं गेल्यास बाकी १८ उरते. ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेनें निःशेष भाग जातो, तिला देवळालीचे गणितशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनीं ‘हर्षद’ असें गोड नांव दिलें. यवतमाळची संख्या त्या कसोटीस उतरत नाहीं.

आतां जिनें कोणाचीच गणना होत नाहीं अशी एक संख्या श्रोत्यांनीं कागदावर लिहून घ्यावी: १२३४५६७८९८७६५४३२१. अंक सतरा. भास्कराचार्यांच्या लीलावतींत परार्धापर्यंत जीं स्थानें सांगितलीं आहेत, त्यांत हिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानीं पडतो. परार्ध एकच पायरी वर. एवढी अवाढव्य संख्या, पण जन्म अगदीं साधा. नऊ वेळां एक लिहून होणाऱ्या १११११११११ चा हा वर्ग. गुणाकार मांडला, म्हणजे एकांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकत जातात. उभ्या रकान्यांत प्रथम एक, मग दोन, असे ते वाढत वाढत मध्यें नऊ होतात व पुनः उतरतात. हातचा कोठेंच येत नाहीं, आणि सारी किमया त्यांतच आहे. दहा एकांचा वर्ग करावा, कीं मधल्या रकान्यांत दहा जमतात, हातचा चढतो, आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असें मोडकें रूप हातीं येतें. चढणीवरचा आठ बिचारा नाहींसा होतो!

अशा वर्गांची गणना कापरेकरांनीं ‘डेम्लो’ संख्यांत केली. मुंबईपासून सुमारें तीस मैलांवरचें तेव्हांचें डेम्लो, म्हणजे आजचें डोंबिवली, या स्थानकावर ही कल्पना सुचली, म्हणून हें नांव. आपल्या संख्येंत मधल्या नवाच्या डावीकडील १२३४५६७८ व उजवीकडील ८७६५४३२१ मिळवल्यास ९९९९९९९९ होतात. शिवाय ती हर्षदही आहे. अंकांची बेरीज ८१, व भागाकार पुरा १५२४१५७८९९७१०४१. १११११११११ स नवानें भाग जातो. मग त्याच्या वर्गास एक्यायशीनें जाणारच.

कापरेकरांनीं १९३० पासून १९६२ पर्यंत शाळेंत शिकविलें. पदव्युत्तर शिक्षण नव्हतें, आणि कित्येक विद्वानांनीं त्यांचें काम पोरखेळ मानून हंसण्यावारी नेलें. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां त्यांचें नांव जगभर झालें. हंसणाऱ्यांचा आक्षेप अगदींच पोकळ नव्हता: हे गुण संख्येचे कीं केवळ दशमान लेखनाचे? निवाडा श्रोत्यांनींच करावा. आठ हाच पाया धरून, म्हणजे आठ झाले कीं हातचा एक, अशा रीतीनें सात एकांचा वर्ग काढून पाहावा. उत्तर १२३४५६७६५४३२१ असेंच येतें.