फाईल पुट अप, पाहुणा पुट अप

आमच्या भडगावच्या तहसील कचेरीत जा, नाहीतर जळगावच्या कलेक्टर ऑफिसात, एक बोल हटकून कानावर पडतो. ‘काका, तुमची फाईल साहेबांकडे पुट अप केलीय.’ कागदावर मराठीत ‘आदेशार्थ सादर’, तोंडात मात्र पुट अप. काकांनाही ते बरोबर कळतं. फाईल वर गेली, आता वाट बघा.

माझी तक्रार कारकुनाविषयी नाही, आपल्या शिकवण्याविषयी आहे. दहावीच्या पोरांच्या वह्यांत याद्या असतात. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, पुट आउट म्हणजे विझवणे. घोका आणि पेपर झाला की विसरा. शब्दाच्या शेजारी काय आलंय, ते पोरगं बघतच नाही. शेजार बघा, एवढंच मला आज सांगायचंय.

गिरणेचं आवर्तन सुटलं की जामदा कालव्यात पाणी एकच असतं. कोणत्या चारीचं दार उघडलं, त्यावर ते कुणाच्या शिवारात जाणार हे ठरतं. ‘पुट’ हे कालव्यातलं पाणी. ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ ही दारं. पण दार उघडून भागत नाही. पुढे केळी आहे की कपाशी, हे पाणी भरणाऱ्यानं बघायलाच हवं. ‘पुट अप’च्या पुढे तंबू आला तर उभारणे, किंमत आली तर वाढवणे, हात आला तर वर करणे. पाहुणा आला तर त्याला रात्री घरी ठेवून घेणे. तो आठ दिवस हललाच नाही, तर मागे ‘विथ’ लागतो आणि तुम्ही त्याला सहन करता! फाईल आली तर सादर करणे, पण हा अर्थ आपल्याकडच्या कचेऱ्यांतला. लंडनचा माणूस फाईल भिंतीवर टांगायला खिळा शोधेल.

अवघड आहे, कबूल. सॅम्युएल जॉन्सननं १७५५ सालच्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय, की परक्यांची सगळ्यांत जास्त अडचण क्रियापदाला जोडल्या जाणाऱ्या अशा छोट्या शब्दांपाशीच होते. म्हणून तर म्हणतो, शेजार बघा.

आणि हो, पाहुण्याचं नाव न घेता ‘त्याला’ म्हणायचं असेल, तर ‘हिम’ मधोमध बसतं: पुट हिम अप. मागे ‘विथ’ असेल तर मात्र मध्ये कुणाला शिरकाव नाही, ‘हिम’ शेवटी जातं.

शिक्षक मित्रांनो, उद्या फळ्यावर यादी लिहाल तेव्हा शब्दापुढे अर्थ लिहू नका, अख्खं वाक्य लिहा. एक पाहुण्याचं, एक किमतीचं, एक तंबूचं. अर्थ पोरांना सांगू द्या. चुकले तर चुकू द्या, पण त्यांना शेजार बघायला लावा.