लुंबिनीच्या वाटेवर दुखापत झाली तर



अमरावती-अकोल्याहून आपली माणसे लुंबिनीला जातात. सोनौलीची सीमा ओलांडायला व्हिसा लागत नाही. म्हणून आपण परदेशात आलो, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

आमच्या यात्रेत एक आजी पायरीवरून घसरल्या. मनगट सुजले, पण "साऱ्याइची यात्रा कायले बिघडवू?" म्हणून रात्रभर गप्प राहिल्या. सकाळी काहींचे म्हणणे पडले, "अकोल्यालाच दाखवू." म्हणजे एका दिवसाहून मोठा प्रवास, तोही मोडक्या हाताने! आम्ही ते मानले नाही. वर्तमानपत्राची जाड घडी मनगटाखाली धरून हात ओढणीने गळ्यात बांधला आणि जवळचे शहर भैरहवा गाठले. तिथे एक्स-रे निघाला, प्लास्टर झाले, तेव्हा कुठे आजी जेवल्या.

त्यातून शिकलो ते सांगतो. नेपाळात ॲम्ब्युलन्ससाठी १०२ फिरवावा लागतो. आपला १०८ तिथला नव्हे. आयुष्मान भारतचे कार्ड तिथे चालत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच सर्वांनी मिळून आकस्मिक निधी बाजूला काढावा. जमेल त्याने प्रवास विमा घ्यावा. ओळखपत्र आणि रोजच्या औषधांची चिठ्ठी जवळ असावी. बिले, एक्स-रे व डॉक्टरांचे कागद जपून आणावेत. विम्याला आणि इथल्या डॉक्टरांना ते लागतात.

आजारी भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी स्वतः केली होती. त्यांच्या जन्मभूमीला जाताना सोबतच्या माणसाला खर्चाच्या वा संकोचाच्या भीतीने दुखणे लपवावे लागू नये, एवढीच विनंती.

जयभीम!