हरलेल्या संघातला खेळाडू



आपल्याच जिल्ह्यातल्या एका छोट्या महाविद्यालयात मी शारीरिक शिक्षण शिकवतो. चांगला कबड्डीपटू बारावी झाला की अमरावतीकडे पाहतो. तिथं १९१४ पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. आमच्याकडे मातीचं मैदान. म्हणून आम्ही पदकं पाहत नाही. तालुका स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलेल्या संघातला, शेवटपर्यंत पकडीला जाणारा पोरगा हेरतो. मग त्याच्या घरी जातो. वडिलांना सांगतो, सोयाबीन-कापसाच्या हंगामात सराव पहाटे घेऊ, कामाचा दिवस मोडणार नाही.

मुलींचं जास्त अवघड. एसटीचा अहिल्याबाई होळकर मोफत पास बारावीपर्यंतच. पुढं भाड्याचे पैसे निघाले नाहीत, की शिक्षण आणि खेळ दोन्ही सुटतात. मैदानात सात जणी, राखीव पाच; म्हणजे बारा आयांची समजूत घालावी लागते.

गावोगावी शिकवणाऱ्या मित्रांनो, अशी पोर दिसली तर दहावीतच कळवा. बाकीच्यांनी एकेकीच्या पासचा खर्च उचलला, तरी आमचा संघ उभा राहील.