छायाचित्र आणि त्याची हकीकत

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यास नेमलेल्या मेजर रॉबर्ट गिल यांची बहुतेक तैलचित्रे १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्मसात झाली. परंतु लेण्यांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे १८६४ मध्येच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली असल्याने आजही पाहावयास मिळतात. वृत्तछायाचित्रकार होऊ इच्छिणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या विद्यार्थ्याने हा वारसा ध्यानी घ्यावा. मात्र शहरातील बीबी का मकबऱ्याच्या देखण्या चित्रांवरच संतुष्ट राहू नये.

मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडणाऱ्या १९९४ च्या नामविस्ताराच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ जानेवारीस विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जो जनसागर लोटतो, तेथे त्याने सकाळपासून उभे राहावे. प्रथम उंचावरून गर्दीचा विस्तार टिपावा, मग गर्दीत उतरून, कमानीकडे बोट दाखवीत नातवाला काही सांगणाऱ्या एखाद्या आजीचा चेहरा, आणि अखेरीस कमानीच्या पायाशी टेकलेला तिचा हात. हालचाल पुसट होऊ नये म्हणून शटरचा वेग सेकंदाच्या अडीचशेव्या भागाच्या आसपास ठेवावा. परंतु तो क्षण हुकलाच, तर हात पुन्हा टेकावयास कदापि सांगू नये. कारण मांडून घेतलेले चित्र बातमीच्या दप्तरी खोटी साक्ष ठरते.

मुंबईच्या जे. जे. कलाविद्यालयात शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांची आरंभीची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली गेली, आणि पुढे मात्र स्वातंत्र्यकाळातील दिल्ली देशाने त्यांच्याच नजरेतून पाहिली. ही नजर सरावाने येते.

माझ्या मते याहून दुर्लक्षित राहते ती चित्रओळ. त्या आजींचे नाव, गाव आणि त्या कोणाबरोबर आल्या, हे त्यांच्या संमतीने तेथेच वहीत उतरवून, तारखेसह पुन्हा वाचून दाखवावे.